मेलेल्या जंतूंचं पार्सल

"ट्यूब उघडलीस तेव्हा मास्क होता?"

"नाही."

"हवा ओढून घेणाऱ्या हुडमध्ये उघडलीस?"

"नाही मॅम. बेंचवर. ट्यूबवर 'किल्ड' लिहिलं होतं ना."

मुग्धा माझ्या टेबलासमोर उभी होती. पीएचडीचं तिसरं वर्ष, मूळची नागपूरची, कामाला वाघ. बस म्हटलं तर बसली नाही. मी उठून दार लावलं तेव्हा मात्र तिने खुर्चीची पाठ धरली. आमच्या बिल्डिंगमध्ये मी दार लावून बोलले म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं.

मी न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात बायोसेफ्टी ऑफिसर आहे. जंतूंवर संशोधन करणाऱ्यांना त्याच जंतूंची बाधा होऊ नये, हे बघणं माझं काम. संशोधक मला पोलीस समजतात आणि शक्यतो टाळतात. मी सांगलीची, शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं, आणि टीबीचा जंतू मला तरुणपणापासून माहीत आहे. तो हवेतून पसरतो. शिंकायलाच पाहिजे असं नाही. जंतू असलेलं पाणी जोरात हलवलं तरी डोळ्यांना न दिसणारे थेंब उडतात आणि बराच वेळ तरंगत राहतात.

"ट्यूब व्हॉर्टेक्स केलीस?" व्हॉर्टेक्स म्हणजे ट्यूब गरगर हलवणारं छोटं मशीन.

"हो."

"आणि लगेच झाकण उघडलं?"

"लगेच." आता ती बसली. "ते जिवंत होते का, मॅम?"

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

झालं होतं ते असं. युरोपातलं एक विद्यापीठ आहे, इतकं जुनं की त्याच्या आवारात फिरायला लोक तिकीट काढून येतात. नाव सांगत नाही. तिथल्या एका लॅबने टीबीच्या जंतूच्या बाहेरच्या भिंतीत एक मेणासारखा पदार्थ शोधून काढला. शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहिलेला जंतू जागा व्हायच्या आधी हा पदार्थ रक्तात दिसतो, असं त्यांचं म्हणणं. खरं ठरलं तर माणूस आजारी पडायच्या आधीच डॉक्टरला कळेल. शोध मोठा होता. पण असा शोध दुसऱ्या लॅबमध्ये तसाच दिसला तरच पक्का धरतात. ती दुसरी लॅब आमची. मुग्धाचा गाइड ग्रेग याच्याकडे त्यांनी मारलेल्या जंतूंच्या चार ट्यूब पाठवल्या होत्या. मारलेल्या, म्हणून साध्या खोलीत काम चालतं. जिवंत टीबीसाठी वेगळी लॅब असते. तिथली हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही, आणि आत जाणारा अंतराळवीरासारखा दिसतो.

पार्सल थेट ग्रेगच्या लॅबमध्ये आलं आणि त्याच आठवड्यात मुग्धाने एक ट्यूब उघडली. माझ्या ऑफिसला कोणी कळवलं नाही. आणि पाच आठवड्यांनी, त्या दिवशी सकाळी, युरोपातून ईमेल आली. त्याच घाण्यातले थोडे जंतू त्यांनी स्वतःकडे, वाढतात का ते बघायला, प्लेटवर लावून ठेवले होते आणि एका प्लेटवर काहीतरी उगवलं होतं. बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी जंतूची भेसळ असावी, फक्त माहितीसाठी कळवत आहोत, असा मजकूर. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून कळायला एवढे आठवडे गेले. ग्रेगने ती ईमेल 'एफवायआय' एवढंच लिहून मला पाठवली होती.

ईमेलमध्ये शेवटी जंतूच्या वाणाचं नाव होतं. मी ते शोधलं. टीबीवरची जी दोन मुख्य औषधं आहेत, त्या दोन्हींना न जुमानणारा वाण.

मी ग्रेगच्या ऑफिसात गेले.

"भेसळ आहे म्हणतायत," तो म्हणाला.

"तपासून म्हणतायत?"

"तपासतायत. मेधा, आपला देश जन्मायच्या आधीपासून हे लोक विज्ञान करतायत."

"जंतूला ते माहीत नाही, ग्रेग. प्रत्येक घाणा मेला की नाही हे त्यांनी पाठवायच्या आधी बघितलं होतं?"

"सर्टिफिकेट होतं. 'खात्रीच्या पद्धतीने मारलेले.'"

"म्हणजे पद्धतीची खात्री कधीतरी केली होती. या घाण्याची नाही."

त्याने ती ईमेल पुन्हा उघडली.

"मुग्धाने ट्यूब उघडली त्या दिवशी खोलीत आणखी कोण होतं?"

"मी," ग्रेग म्हणाला. एवढा उंच माणूस, पण हळूच खुर्चीत टेकला. "मी तिच्या मागे उभा होतो. बघत होतो."

दुपारपर्यंत ती खोली बंद केली. दारावर नोटीस लावली. तिन्ही न उघडलेल्या ट्यूब आणि मुग्धाच्या ट्यूबमधलं उरलेलं सगळं जिवंत टीबीच्या लॅबमध्ये हलवलं. हे सगळं करताना हात चालतात, त्यामुळे भीती वाटत नाही. भीती नंतर वाटते, हात धुताना.

मुग्धा एडिसनमध्ये एका मराठी जोडप्याच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होती. शलाका आणि तिचा नवरा, दोघेही आयटीत. त्यांना सहा महिन्यांचं बाळ होतं. मला हे मुग्धाला विचारल्यावर कळलं.

"मॅम, मी आज सकाळी बाळाला आंघोळ घातली. शलाकाताईची मीटिंग होती. मी त्याला रोजच घेते."

"खोकला आहे तुला?"

"नाही."

"ताप? वजन कमी झालंय?"

"नाही. मॅम, बाळाला काही..."

"एक्स-रे होईपर्यंत बाळाला घ्यायचं नाही. सर्दी झालीय म्हणून सांग."

एवढ्या लहान बाळाला टीबी झाला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत होतं. तिची पीएचडीच त्याच्यात चालू होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात मुग्धा आणि ग्रेग दोघांचं रक्त घेतलं. डॉक्टर रेनी नावाची बाई, फार कमी बोलणारी. छातीचे एक्स-रेही झाले. दोघांचेही स्वच्छ. म्हणजे आजार नव्हता, आणि त्यामुळे मुग्धाकडून कोणाला काही व्हायचा प्रश्न नव्हता. बाळाची धास्ती तिथे संपली. मग रक्ताचा रिपोर्ट आला. ग्रेग निगेटिव्ह. मुग्धा पॉझिटिव्ह.

ही टेस्ट काय सांगते ते थोडक्यात सांगते. शरीरात टीबीचा जंतू शिरला असेल तर शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करतं. टेस्टला ती तयारी दिसते. जंतू दिसत नाही. तो कधी शिरला, कुठून आला, कोणत्या वाणाचा, काहीच कळत नाही. तो झोपलेला असतो. शंभरातल्या बहुतेकांच्या शरीरात तो जन्मभर झोपूनच राहतो. काहींच्यात उठतो.

"प्रश्न एकच आहे," रेनी म्हणाली. "हा जंतू जुना की नवा? जुना असेल, भारतातून आलेला, तर साधं औषध देते. चार महिने कॅप्सूल, झालं. पण त्या ट्यूबमधला असेल तर ते औषध म्हणजे पाणी पाजल्यासारखं. मग दुसरी औषधं. जड असतात, आणि ती चालतीलच अशी खात्री देता येत नाही."

"लॅबला रुजू झाली तेव्हाची टेस्ट?"

"नाही. केलेली नाही. फक्त एक्स-रे."

मारलेल्या जंतूंवर काम करणाऱ्यांना तेव्हा रक्ताची टेस्ट सक्तीची नव्हती. मुग्धाने नको म्हटलं होतं आणि कोणी आग्रह केला नव्हता. फॉर्मवर प्रश्न होता, कुटुंबात कोणाला टीबी झाला होता का. तिने 'नाही' लिहिलं होतं.

मी तिला माझ्या गाडीतून घरी सोडलं. ट्रेनने जाण्याच्या अवस्थेत ती नव्हती. ओक ट्री रोडवर नेहमीसारखी गर्दी होती, मिठाईच्या दुकानापुढे गाड्या डबल पार्क केलेल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. घरापुढे गाडी थांबवली तरी उतरेना. वरच्या खिडकीत शलाका बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती.

फॉर्ममध्ये विचारतात तसं विचारून उपयोग नाही, हे मला माहीत होतं. मीही तशाच घरातली आहे. आमच्याकडे तो शब्द कोणी उच्चारत नाही.

"मुग्धा, लहानपणी तुमच्या घरात कोणाची ताटवाटी वेगळी होती का गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. विचारतेय."

"आत्याची," ती म्हणाली. "मी चौथीत होते. आत्या आमच्याकडे राहायला आली होती. तिचं ताट, वाटी, पेला वेगळा, खिडकीत पालथा असायचा. आई म्हणायची तिला ॲलर्जी आहे."

"तू कुठे झोपायचीस?"

"तिच्याजवळच. एका पलंगावर. गोष्टी सांगायची ना ती."

"गोळ्या घ्यायची?"

"रोज सकाळी उपाशीपोटी. मीच पाणी द्यायचे." एवढं बोलून ती मॅमवरून काकूवर आली. "आणि काकू, तिला लघवी लाल व्हायची. मी एकदा बघितलं. रक्त आहे असं वाटलं मला. धावत जाऊन आईला सांगितलं तर आईने मलाच एक ठेवून दिली. म्हणाली, पुन्हा बोललीस तर बघ."

टीबीच्या एका मुख्य औषधाने लघवी लाल-केशरी होते. टीबीवर काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं.

"मग तुला कधी कळलं?"

"एमएस्सीला. लेक्चरमध्ये त्या औषधाची माहिती चालू होती. सर म्हणाले, पेशंटला आधीच सांगायचं, घाबरू नका म्हणून. मी लिहून घेतलं. तेव्हाच कळलं."

"तरी फॉर्मवर नाही लिहिलंस?"

"मला घरात कोणी सांगितलंच नाही ना, काकू. मी माझ्याच मनाने आत्याला टीबी होता असं लिहू? इथे, ऑफिशियल? आणि लॅबमध्ये घेतलं नसतं तर?"

रागवायची ती वेळ नव्हती. शिवाय माझ्या डोक्यात दुसराच हिशेब चालू होता. आत्या साध्या गोळ्यांनी बरी झाली असेल, तर तिचा जंतू साधा होता. मग मुग्धाच्या शरीरातला जंतू तिचाच असण्याची शक्यता मोठी. पण आत्याने औषध अर्धवट सोडलं असेल, तर सगळंच अवघड.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ऑफिसातून नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. मुग्धा वडिलांशी बोलली. फोन स्पीकरवर होता.

"हे आता कशाला काढतेस?" वडील म्हणाले. "तिची पोरगी लग्नाची झाली आहे. स्थळं येऊन राहिली. तुला काही अक्कल?"

"बाबा, मला माझ्यासाठी पाहिजे..."

"तुला काय झालं? तुला काहीच झालं नाही!"

मी फोन पुढे ओढला. "भाऊ, नमस्कार. मी मेधा, इथल्या सेफ्टीची. मुग्धाच्या रक्तात टीबीची खूण सापडलीय. आजार नाही. पण औषध कोणतं द्यायचं ते तुमच्या उत्तरावर ठरणार आहे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तुमच्या लॅबमधून लागलं का माझ्या पोरीला?"

"असू शकेल. मी नाही म्हणणार नाही."

"मग आम्हाला काय विचारता मॅडम? तुमचं तुम्ही बघा."

"तेच बघतेय. बहिणीला कोणत्या गोळ्या होत्या? किती महिने? मध्ये सोडल्या का?"

एकदम हळू आवाजात उत्तर आलं. "सरकारी दवाखान्यातल्या. सहा महिने. एक दिवस चुकला नाही. मीच आणत होतो, दुसऱ्या पेठेतल्या दवाखान्यातून, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. नंतर थुंकी तपासली, साफ आली. हे कुठं लिहून जाणार आहे का?"

"मुग्धाच्या डॉक्टरकडे. तुमच्या बहिणीला इथे कोणी ओळखत नाही."

"पोरीला नीट ठेवा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रेनीने सगळं ऐकून घेतलं. "चांगलं आहे," ती म्हणाली. "पण पुरावा नाही. जुना जंतू असला म्हणजे नवा शिरलाच नाही, असं होत नाही. ट्यूबचं काय?"

ट्यूबमधलं पाणी आणि झाकणं धुतलेलं पाणी आम्ही वेगवेगळ्या बाटल्यांत वाढायला लावलं होतं. त्या बाटल्या एका मशीनमध्ये असतात. आत काही वाढलं की दिवा लागतो. काही नाही असं म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. तोवर मुग्धा लायब्ररीत बसून लिहीत असे. कॉरिडॉरमध्ये कोणी खोकलं की माझं डोकं वर व्हायचं. ग्रेग रोज सकाळी माझ्या दारात येऊन नुसत्या भुवया उंचावायचा. मी मान हलवायचे. तो जायचा.

मधल्या काळात मी युरोपातल्या लॅबशी व्हिडिओ कॉल केला. लुकास नावाचा संशोधक होता, सभ्य माणूस. "आमची पद्धत चुकणं शक्य नाही," तो म्हणाला. "ऐंशी अंश, गरम पाण्यात. माझ्या गाइडच्या गाइडपासून हेच चालत आलंय."

"मला दाखवाल? फोन घेऊन त्या गरम पाण्याच्या बाथपाशी चला."

तो गेला. सुंदर नवीन वॉटर बाथ, चकचकीत, वरून उघडा. पाण्यावर थर्माकोलसारखी चकती तरंगत होती, तिच्या भोकांत ट्यूब अडकवलेल्या. ट्यूबचं अंग पाण्यात. झाकणं वर, हवेत.

"पूर्वीही असाच बाथ होता?"

"नाही, जुन्या इमारतीत मोठा पितळी होता. त्याला घुमटासारखं झाकण होतं. डिपार्टमेंट नव्या इमारतीत आलं तेव्हा तो म्युझियमला दिला."

"ट्यूबची झाकणं किती तापतात?" मी विचारलं. कुकरचं झाकण न लावता भात शिजायला ठेवला तर वर चिकटलेले दाणे कच्चेच राहतात. तसंच हे. झाकणबंद पितळी बाथमध्ये वाफेने ट्यूबची झाकणंही तापायची. नव्या बाथमध्ये झाकणं कोमटच राहत होती. ट्यूब हलवताना जंतूंचे थेंब झाकणाला आतून चिकटले असतील, तर ते तिथे मजेत जिवंत. पद्धतीची खात्री जुन्या बाथमध्ये झाली होती. बाथ बदलला, सर्टिफिकेट तेच राहिलं.

लुकासने पुन्हा बाथकडे बघितलं. मग कॅमेरा बंद झाला आणि फक्त आवाज आला, "मला प्रोफेसरांशी बोलावं लागेल."

चौथ्या आठवड्यात मशीनचा दिवा लागला. न उघडलेल्या एका ट्यूबचं झाकण धुतलेलं पाणी होतं. भेसळ नव्हती. टीबी, तोच वाण, दोन्ही औषधांना न जुमानणारा. ग्रेगने रिपोर्ट दोनदा वाचला. "त्या खोलीत आम्ही सँडविच खायचो," तो म्हणाला. ते नियमात बसत नाही, पण त्या दिवशी मी त्याला काही म्हटलं नाही.

आता प्रश्न मुग्धाच्या ट्यूबच्या बाटल्यांचा. मुग्धा रोज विचारायची नाही. दिवसाआड विचारायची, आणि विचारताना फोनकडे बघायची, माझ्याकडे नाही. मला रात्री झोप लागायची, पण दात आवळलेले असायचे. नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

तिच्या बाटल्या सहा आठवडे कोऱ्या राहिल्या. झाकणाची आणि पाण्याची, दोन्ही. ग्रेगची दुसऱ्यांदा केलेली टेस्टही निगेटिव्ह आली, आणि तो तर तिच्या मागेच उभा होता. रेनीने सगळं समोर मांडलं आणि निर्णय दिला. जुना जंतू, साधं औषध, चार महिने. वर दोन वर्षं ठरावीक अंतराने एक्स-रे. कारण बाटलीत काही उगवलं नाही म्हणजे ट्यूबमध्ये नव्हतंच, असं शपथेवर कोणी सांगू शकत नाही. रेनीने हे मुग्धाच्या तोंडावर सांगितलं. मुग्धाने मान डोलावली आणि विचारलं, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

युरोपातल्या लॅबने ज्यांना ज्यांना ट्यूब पाठवल्या होत्या त्या सगळ्यांना कळवलं. काम थांबवलं. त्यांचा शोध खोटा ठरलेला नाही. तो मेणासारखा पदार्थ आहे आणि नव्याने, नीट मारलेल्या जंतूंवर काम परत सुरू झालंय. ग्रेगचं पार्सल आता आधी माझ्याकडे येतं.

मुग्धाने शलाकाला सगळं सांगितलं. मी सांग म्हटलं नव्हतं, गरजही नव्हती. तिचं तिनेच ठरवलं. कॅप्सूल लपवून घ्यायच्या नाहीत, म्हणाली. शलाकाने शांतपणे ऐकलं, बाळाला डॉक्टरकडे नेलं, बाळ ठणठणीत निघालं. रेनीचं पत्रही तिने वाचलं, मुग्धापासून कोणालाही धोका नाही असं लिहिलेलं. आणि दोन दिवसांनी मेसेज केला, माझी सासू यायची आहे इंडियातून, बेसमेंट लागेल. मुग्धाने मला मेसेज दाखवला. सासूचा व्हिसा अजून झाला नव्हता, हे तिला माहीत होतं.

मला शलाकाचा राग आला नाही. बाळ लहान होतं. मुग्धा कॅम्पसजवळ एका खोलीत राहायला गेली. सामान हलवायला ग्रेग त्याचा ट्रक घेऊन आला होता. तिचे आतापर्यंतचे एक्स-रे स्वच्छ आहेत. अजून दोन बाकी आहेत.

त्यानंतर मी फॉर्मवरचा तो प्रश्न काढून टाकला. कुटुंबात कोणाला काय होतं, हे मी आता कोणालाच विचारत नाही. लॅबमध्ये पहिल्या दिवशी, आत पाऊल टाकायच्या आधी, सगळ्यांचं रक्त घेते. प्रोफेसर असो नाहीतर विद्यार्थी. खरं बोलल्याबद्दल ज्याला घर सोडावं लागतं, त्याच्याकडून कागदावर खऱ्याची अपेक्षा ठेवणं ही सेफ्टीची पद्धत नव्हे.